अल्प खर्चातील घरगुती संगणक

अल्प खर्चातील घरगुती संगणक म्हणजे लेखन, शासकीय व बँकेचे व्यवहार, छायाचित्रांचा संग्रह अशा नित्य कामांसाठी कमी पैशांत घेतलेला, किंवा जुनाच दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेला वैयक्तिक संगणक. तो वापरणारी व्यक्ती बहुधा तंत्राशी अपरिचित असते. निवड करणारी व्यक्ती मात्र दुसरीच असते: मुलगा, भाची, पुतण्या किंवा शेजारचा महाविद्यालयीन विद्यार्थी. निवड चुकली तर तिचा त्रास निवडणाऱ्याला होत नाही, हे या विषयाचे खरे मर्म आहे.

== पार्श्वभूमी ==
वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे रिसोड, कारंजा, मानोरा यांसारख्या तालुक्यांच्या गावीही संगणकाची ओळख झाली. पुढे डिजिटल सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि २०१४ पासून निवृत्तिवेतनधारकांचा 'जीवन प्रमाण' हा हयातीचा दाखला अशी कामे संगणकावर आली. यांतील बरीचशी आता मोबाइलवरही होतात. त्यामुळे दीर्घ लेखन, हिशेब किंवा मोठे अर्ज भरणे यांपैकी काहीच करायचे नसेल, तर संगणक घेऊ नये हाच सर्वांत स्वस्त पर्याय होय.

== संथ झालेला संगणक ==
'संगणक जुना झाला, नवा घ्या' हा सल्ला दुकानात सहज मिळतो, पण तो पुष्कळदा घाईचा असतो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकात प्रक्रियक सहसा नित्य कामांना पुरेसा असतो. अडते ते हार्ड डिस्कपाशी. तिच्यातील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारी सुई जागोजागी सरकवावी लागते. त्यामुळे विखुरलेली माहिती तिला सेकंदाला शंभराच्या आसपास वेळाच उचलता येते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून तेच काम ती हजारो वेळा करते. 'टास्क मॅनेजर' उघडल्यावर डिस्कचा वापर बराच वेळ शंभर टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. २५६ जीबीची एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केली की असा संगणक आणखी काही वर्षे सुखाने चालतो. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या असून एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

काही दोष तर फुकटात किंवा अत्यल्प खर्चात सुटतात. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी वीज पूर्ण तोडून रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसावे आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. दर वेळी तारीख मागे जाते आणि बँकेचे संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून उघडत नाही, याचे कारण बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकल्याने संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, एवढेच. या सेलपायी संगणक मोडीत निघावा, याचे वाईट वाटते.

== जुने मराठी लेखन ==
दुरुस्तीपूर्वी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, हे सर्वत्र सांगितले जाते. मराठी घरांत त्यात एका गोष्टीची भर घालावी लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा टंकांत लिहिला जाई. त्यांपैकी अनेक टंकांत फाइलमध्ये प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठत नाहीत. रोमन अक्षरांचे संकेत साठतात आणि टंक त्यांना देवनागरी रूप देतो. नव्या संगणकावर तो टंक नसला की आजोबांचे आत्मचरित्र किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची संहिता रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी होऊन बसते. मजकूर नष्ट झाला असे समजून तो पुसणारेही असतात. म्हणून 'फॉन्ट्स' या फोल्डरातील टंकांचीही प्रत घ्यावी. परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणलेला मजकूर एकदा मुळाशी ताडून पाहावा, कारण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात.

== जुना, पण नव्याने घेताना ==
कंपन्यांनी काही वर्षांच्या वापरानंतर विकलेले कार्यालयीन डेस्कटॉप बाजारात येतात. घरच्यासाठी ते स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा बरे, कारण त्यांचे भाग सुटे मिळतात आणि तालुक्याचा कारागीर ते उघडू शकतो. एखाद्या भागासाठी दर वेळी वाशीमहून सुमारे ८० किलोमीटरवरील अकोला गाठावे लागले, तर बचत प्रवासातच जाते.

विक्रेता 'आय-७ आहे' एवढेच सांगत असेल, तर पिढी विचारावी. २०११चा दुसऱ्या पिढीचा आय-७ हा आठव्या पिढीच्या आय-३ पेक्षा नावानेच मोठा असतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रक्रियक व टीपीएम २.० लागते. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची 'बॉस' प्रणाली वापरता येते. मात्र छपाईयंत्र आणि डिजिटल स्वाक्षरी त्यावर चालते का, हे आधी तपासावे. विंडोजचा परवाना अधिकृत असावा. पक्के बिल व लेखी हमी घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

== वीज, धूळ आणि ऊन ==
उन्हाळ्यात ४० अंशांवरचे तापमान आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांतील धूळ यांमुळे पंखे गुदमरतात. पावसाळ्यानंतर एकदा मऊ कुंचल्याने आतील धूळ काढावी. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करून यंत्र बंद करण्याइतका वेळ देतो. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर बहुधा घराला अर्थिंग नाही. तेव्हा आधी वीजतंत्रीला बोलवावे, संगणक-कारागिराला नंतर.

== दुरून मदत ==
मुले पुण्यात, आई-वडील मंगरूळपीरला, अशा घरांत दूरनियंत्रणाच्या अ‍ॅपने मदत करता येते. याच अ‍ॅपचा उपयोग ठग 'बँकेतून बोलतोय' असे सांगून करतात. म्हणून दैनंदिन खाते प्रशासकीय अधिकारांविना ठेवावे आणि घरच्या माणसाने आपण स्वतः दूरध्वनी केल्याशिवाय असे अ‍ॅप उघडू नये, असा नियम घरात ठरवावा. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे.

== विल्हेवाट ==
काढलेली हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. चालत असल्यास बाहेरची पेटी घालून ती प्रतीसाठी वापरावी, नसल्यास फोडूनच द्यावी. ई-कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ते आहेत. यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरी नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो व किमतीत सूट देतो.