सरकत्या जिन्यावरचं परीक्षण

समीक्षकांनी झोडपलेल्या सिनेमांची परीक्षणं जमवून वाचायची मला जुनी खोड आहे. चांगल्या सिनेमावर लिहिताना समीक्षक जपून शब्द वापरतात. वाईट सिनेमावर लिहिताना त्यांचा हात सैल सुटतो आणि सिनेमाइतकंच ते स्वतःबद्दलही सांगून बसतात. व्हिडिओ गेमवरून निघालेले भयपट म्हणजे तर या खोडीची चंगळ. 2002चा 'रेसिडेंट इव्हिल', 2003चा 'हाउस ऑफ द डेड', 2005चे 'अलोन इन द डार्क' आणि 'डूम' अशी ही रांग आहे, आणि तिच्यातल्या बहुतेकांबद्दल एका ओळीपेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. यातले दोन ज्याने दिग्दर्शित केले त्या उवे बोल नावाच्या जर्मन गृहस्थाने सप्टेंबर 2006 मध्ये आपल्या काही टीकाकारांना व्हँकुव्हरला चक्क बॉक्सिंगच्या रिंगणात बोलावलं आणि बदडून काढलं. बोल पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेला होता, टीकाकार नुसतेच लेखणीबहाद्दर. समीक्षेला दिलेलं उत्तर म्हणून त्या प्रकाराला थोडीफार करमणुकीची किंमत आहे, एवढंच.

त्याच वर्षी एप्रिलच्या 21 तारखेला अमेरिकेत 'सायलेंट हिल' लागला. त्याच्या परीक्षणांकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. सिनेमा साधारण 5 कोटी डॉलरचा. पहिल्याच शनिवार-रविवारी 2 कोटी डॉलर कमावून तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि जगभरात त्याने खर्चाच्या जवळजवळ दुप्पट गल्ला जमवला. समीक्षकांसाठी आधी खास खेळ ठेवायचा नाही, असं वितरकांनी ठरवलं होतं. समीक्षकांना आधी सिनेमा दाखवला नाही की ते दात विचकणार, हे उघड आहे. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ठिकाणी या सिनेमाची गुणपत्रिका शंभरात तिशीच्या आसपास अडकली ती अडकलीच. दिसायला देखणा, कळायला अशक्य आणि लांबीला सव्वादोन तासांना पाच-दहा मिनिटं कमी, हाच सूर बहुतेकांनी लावला.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं परीक्षण रॉजर एबर्टचं. 'शिकागो सन-टाइम्स'चा एबर्ट म्हणजे 1975 मध्ये पुलित्झर मिळवणारा पहिला सिनेसमीक्षक. त्याने सिनेमाला चारपैकी दीड तारा दिला आणि लेखाची सुरुवात चित्रपटगृहाच्या सरकत्या जिन्यावर केली. खेळ संपल्यावर खाली उतरताना सात-आठ प्रेक्षकांनी त्याला गाठलं आणि गोष्ट समजावून सांग म्हणाले. मलाच काही कळलेलं नाही, असं त्याने सांगितलं. तुम्ही समीक्षक ना, असं त्यांनी विचारल्यावर आम्ही सहसा सिनेमांचं परीक्षण करतो, असं म्हणून एबर्टने टोला हाणला. शेवटी घोळक्यातली एक मुलगी म्हणाली की, सिनेमा कळायला आधी गेम खेळावा लागत असेल बहुतेक. असेल, असं एबर्टही म्हणतो.

परीक्षण म्हणून हा नमुना अव्वल आहे. पण लोक ही सुरुवातच सांगत राहतात आणि पुढचं विसरतात. पुढे एबर्ट म्हणतो की चित्रं विलक्षण आहेत, भयपटापेक्षा एखाद्या प्रायोगिक कलापटासारखं हे सगळं दिसतं. आणि सगळ्यांत मार्मिक तक्रार अशी की गोष्ट कळली नसली तरी स्पष्टीकरणं आणखी कमी असती तर बरं झालं असतं. न कळलेला माणूस कमी समजावा म्हणतो, हे वरवर उलटं वाटतं. माझ्या मते या सिनेमाबद्दल कुणी लिहिलेलं ते सगळ्यांत नेमकं वाक्य आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दत्तक मुलगी झोपेत चालते, झोपेतच 'सायलेंट हिल' हे नाव घेते. आई रोझ तिला घेऊन त्या ओसाड गावात जाते, तिथे मुलगी हरवते, आकाशातून राख पडत राहते. मग भोंगा वाजतो, भिंतींचे पोपडे सुटून हवेत उडतात आणि गावाखालचं दुसरं, गंजलेलं गाव वर येतं. कोकणात ज्याला चकवा लागला म्हणतात त्या माणसासारखी रोझ फिरत राहते. पहिला पाऊण तास केवळ हे फिरणंच आहे, आणि तो पाऊण तास भयपटांच्या इतिहासात मानाने बसवावा असा आहे. राक्षस बहुतांशी संगणकातून काढलेले नाहीत. नर्तकांना मुखवटे आणि कातडी चढवून ते नाचवले आहेत. लोखंडी त्रिकोणी डोक्याचा तो अवाढव्य पुरुष म्हणजे रोबेर्तो कॅम्पानेला हा नृत्यदिग्दर्शक, आणि आंधळ्या परिचारिकांच्या मुरडलेल्या हालचालीही त्यानेच बसवल्या. कॅरल स्पियरने उभारलेल्या सेटची संख्या शंभरावर जाते. आणि पार्श्वसंगीतात मूळ गेमच्या अकिरा यामाओकाचाच माल वापरला आहे.

मग तासाभराने सिनेमाला कंठ फुटतो. पंथ, चेटकीण ठरवलेली मुलगी, तीस वर्षांपूर्वीची आग असं सगळं एक पात्र उभं राहून सांगतं, सोबत ओरखडे पडलेल्या जुन्या फिल्मसारखी दृश्यं. गूढकथा वाचून वाढलेल्या कुणाला सांगायला नको की भुताची जन्मकुंडली मांडली की भूत घरचं होतं. मूळच्या 1999च्या गेममध्येही हीच कुंडली आहे, पण ती चिठ्ठ्या-चपाट्यांत विखुरलेली. खेळणारा ती गोळा करतो, अर्धी सोडून देतो, चुकीची जुळवतो, आणि त्याप्रमाणे शेवटही वेगवेगळे मिळतात. गेममधलं धुकंसुद्धा आधी गरजेपोटी आलं. पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं काही रंगवून दाखवायची ताकद नव्हती, म्हणून लांबचं झाकलं. ते न दिसणं हीच त्या गेमची पुंजी झाली. सिनेमाने धुक्यात राखेची भर घातली आणि तिच्यासाठी कारणही शोधलं. पटकथाकार रॉजर अ‍ॅव्हरीचे वडील खाण अभियंता. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावाखाली 1962 पासून कोळशाची खाण जळते आहे, हे त्याने त्यांच्याकडून ऐकलेलं. 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने 4 कोटी 20 लाख डॉलर मंजूर करून ते गाव जवळजवळ रिकामं केलं. (आपल्याकडे झारखंडातल्या झरियाखाली 1916 पासून आग धुमसते आहे आणि वर माणसं राहतात, ते वेगळंच.) कारण चांगलं आहे, खरं आहे. पण कारण सापडलं की ते सांगायचा मोह होतो, आणि या सिनेमाला तोच नडला.

हा मोह कुणाला झाला, हे पाहिलं तर गंमत आहे. दिग्दर्शक क्रिस्तोफ गान्स मुळात समीक्षक. 1983 मध्ये पॅरिसमध्ये काही तरुणांनी 'स्टारफिक्स' नावाचं मासिक सुरू केलं. शिष्ट समीक्षा ज्यांच्याकडे बघून नाक मुरडायची त्या भयपटांवर आणि मारधाडीच्या सिनेमांवर मन लावून लिहायचं, हे त्याचं व्रत. गान्स त्यातला एक. 'सायलेंट हिल'च्या पटकथेवर सुरुवातीला काम करणारा निकोला बूख्रिएफही तिथलाच. म्हणजे समीक्षकांनी झोडपलेल्या या सिनेमाच्या मुळाशी दोन समीक्षक बसले होते! गेमच्या हक्कांसाठी गान्स कित्येक वर्षं कोनामी कंपनीच्या मागे होता. अखेर त्याने स्वतःची एक चित्रफीत तयार केली. गेमचा आपल्यावर काय परिणाम झाला ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं, खाली जपानी उपशीर्षकं घातली, पदरच्या पैशाने चित्रित केलेले तुकडे आणि गेमचं संगीत जोडलं, आणि ती जपानला धाडली. तिच्यावर त्याला हक्क मिळाले. ती चित्रफीत म्हणजे एका परीने परीक्षणच, प्रेमात पडलेल्याने लिहिलेलं. सेटवर त्याने 40 इंची टीव्हीला प्लेस्टेशन 2 जोडून ठेवलं होतं. कॅमेरा कुठून यायला हवा हे गेम खेळून दाखवायचा. इतकं प्रेम असलेल्या माणसाला काहीच सोडवत नाही. ज्याला हा गेम पाठ आहे त्याला वाटतं, सगळं सांगितलंच पाहिजे.

त्यात स्टुडिओने एक चिठ्ठी पाठवली. गेमचा नायक बाप होता. त्याच्या हालचाली, काळजी, कासाविशी सगळी आईची आहे असं गान्सचं मत पडलं, म्हणून त्याने बापाची आई केली. आई, पोलीस अधिकारी बाई, पंथाची प्रमुख बाई, मुलीला जन्म दिलेली बाई आणि ती मुलगी: पटकथा वाचून स्टुडिओचं उत्तर आलं की यात पुरुष कुठे आहेत? मग सुरुवातीला आणि शेवटी जरासा डोकावणारा नवरा वाढवला गेला, ती भूमिका शॉन बीनला दिली गेली. सिनेमाभर तो बिचारा फायली चाळतो, पोलिसांशी हुज्जत घालतो. त्याच्या वाट्याला एकच खरा प्रसंग आला आहे. शाळेच्या ओसाड इमारतीत तो आणि रोझ एकाच जागी, पण दोन वेगळ्या जगांत असतात. ती दिसत नाही, तिच्या अत्तराचा वास मात्र त्याला येतो. बाकीचा शॉन बीन म्हणजे स्टुडिओच्या शंकेला दिलेली दक्षिणा. हे उपकथानक रटाळ आहे अशी कुरकुर कितीतरी परीक्षणांत आहे.

गेमच्या चाहत्यांचीही एक तक्रार होती. त्रिकोणी डोक्याचा राक्षस 2001च्या दुसऱ्या गेममधला. तिथे तो बायकोच्या मृत्यूचं ओझं वाहणाऱ्या एका नवऱ्याच्या अपराधी मनातून आलेला असतो. सिनेमात तो नवराच नाही, मग हा कुणाचा अपराध हातात सुरा घेऊन फिरतो? चाहत्यांचं बरोबर होतं. तरी 2008 मध्ये आलेल्या 'सायलेंट हिल: होमकमिंग' या गेमने भिंतींचे उडते पोपडे, परिचारिकांचं रूप आणि तो राक्षस हे सगळं सिनेमावरून उचललं. ज्या सिनेमाने गेमची वाट लावली असा ओरडा होता, त्याचीच नक्कल पुढे गेम करू लागला.

आता पुन्हा एबर्टकडे, कारण या शोधात मला सगळ्यांत जास्त ऐवज त्याच्याच दारात सापडला. 'सायलेंट हिल'च्या आधी पाचेक महिने, नोव्हेंबर 2005 मध्ये, वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना त्याने जाहीर केलं होतं की व्हिडिओ गेम स्वभावतःच सिनेमा-साहित्याच्या खालच्या पायरीवर आहेत. गेममध्ये निर्णय खेळणारा घेतो, आणि कलेला लेखकाची पकड लागते. 'डूम'च्या परीक्षणावरून हा तंटा पेटला होता. 2007 मध्ये भयकथाकार क्लाइव्ह बार्करने त्याच्यावर भर परिषदेत तोफ डागली, एबर्टने वर्तमानपत्रातून उलट डागली. 2010 मध्ये तर त्याने गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असा लेख लिहिला, आणि साडेचार हजारांच्या वर प्रतिक्रिया आल्यावर जुलैत दुसरा लेख लिहून कबूल केलं की खेळल्याशिवाय मी हे बोलायला नको होतं. त्याच लेखात त्याने आपण खेळलेल्या दोन गेमची नावं दिली. एक 'मिस्ट', ज्याला लागणारा धीर त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्याचं नाव 'कॉस्मॉलॉजी ऑफ क्योटो'.

हा दुसरा गेम म्हणजे 1993 मध्ये जपानात निघालेली एक सीडी. सॉफ्टएज नावाच्या छोट्या मंडळींनी केलेली, फार थोड्यांनी पाहिलेली. हजार वर्षांपूर्वीचं क्योटो, तेव्हाचं हेइआन-क्यो. खेळणारा माळावर उघडानागडा जागा होतो आणि मेलेल्याच्या अंगावरचे कपडे काढून घालतो. मग शहरभर भटकायचं. गल्लीत भिकारी, राक्षस, भिक्षू, जुगारी, भुतं भेटतात. मरण आलं की बौद्ध नरकांतून जायचं आणि कर्माप्रमाणे पुन्हा जन्मून पुन्हा त्याच रस्त्यांवर यायचं. जिंकणं नाही, गुण नाहीत, पोचायचं ठिकाण नाही. कोण कुठे कसं वागतो त्यावर काय दिसेल ते ठरतं.

या गेमचं परीक्षण 'वायर्ड' मासिकाच्या सप्टेंबर 1994च्या अंकात आलं, आणि ते लिहिलंय रॉजर एबर्टने. आजवर आपल्याला भेटलेला हा सगळ्यांत मोहवणारा गेम आहे, असं तो लिहितो. माहिती, साहस, विनोद आणि कल्पना यात बेमालूम मिसळल्या आहेत, बीभत्स आणि दिव्य शेजारी शेजारी नांदतात, दोघांना एकसारखा अनुभव येणारच नाही, असंही. म्हणजे 2005 मध्ये ज्या गोष्टीमुळे गेम कला होत नाही असं तो म्हणाला, नेमक्या त्याच गोष्टीचं 1994 मध्ये त्याने कौतुक केलं होतं. विसंगती दाखवून टाळ्या घ्यायचा माझा बेत नाही. लेखक विसरतात. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की मेलेल्यांच्या शहरात, कारण न विचारता, नकाशा न मागता भटकण्यातला आनंद या माणसाला चांगला ठाऊक होता. क्योटोच्या नरकांचा अर्थ त्याने कुणाला विचारला नव्हता. म्हणून 'सायलेंट हिल'मध्ये स्पष्टीकरणं कमी हवी होती ही त्याची तक्रार मला अडाण्याची वाटत नाही. ती मुरलेल्या खेळाडूची आहे. गेमचे चाहते त्याला म्हातारा, अज्ञानी म्हणत राहिले, आणि गेमचं मर्म हरवल्याचं त्यांच्यापेक्षा अचूक त्याने सांगितलं होतं. सरकत्या जिन्यावरच्या मुलीचं म्हणणं उलट होतं: गेम खेळलेल्यालाच तर हे सगळं ऐकून घ्यायची गरज नव्हती.

एबर्ट एप्रिल 2013 मध्ये गेला. त्याआधी पाचेक महिने या सिनेमाचा दुसरा भाग आला, तो दुसऱ्याच दिग्दर्शकाचा आणि पहिल्याहून कितीतरी वाईट. त्याला इथे जागा देत नाही. गान्स मात्र 'रिटर्न टू सायलेंट हिल' करायला त्याच गावात पुन्हा गेला, या वेळी दुसऱ्या गेमची गोष्ट घेऊन.

मूळ सिनेमा बघायचा असेल तर रात्री, चांगल्या आवाजात, मध्ये न उठता बघा. शॉन बीन दिसला की पुढे ढकला, शाळेचा प्रसंग तेवढा ठेवा. आणि इस्पितळाच्या तळघरात परिचारिका संपल्या, ओरखड्यांची फिल्म सुरू झाली की आवाज बंद करा. दृश्यं पुरेशी आहेत.