पंचात फेस शेवटी

युरोपातल्या मेजवान्यांत मिरवणारा पंच मुळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून तिकडे गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या १६३२ सालच्या पत्रात त्याचा सर्वांत जुना माहीत असलेला लेखी उल्लेख आहे. १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेला आला, त्यानेही वखारीतल्या इंग्रजांच्या या पेयाची नोंद केली: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. वखारवाल्यांना गोव्याची अराक, म्हणजे माडाची दारू, विशेष आवडे. पंचात शॅम्पेन पडली ती फार नंतर. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या इंग्लंडच्या युवराजाच्या नावाने ‘रीजंट्स पंच’ गाजला. अराक, लिंबू-संत्री, हिरवा चहा आणि वर शॅम्पेन, असा तो थाट.

घरी करायचा तर अराकीऐवजी माडाची फेणी घ्यावी. काजूची फेणी इतर सगळे वास दाबून टाकते. शॅम्पेनचा हट्ट नको. नाशिकची ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोड, स्पार्कलिंग वाइन उत्तम चालते.

खरं काम सालीत आहे. दोन मोसंब्यांची आणि एका मोठ्या पिवळ्या लिंबाची साल सोलाण्याने पातळ काढा. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. सालीवर शंभर ग्रॅम साखर घालून बत्त्याने चेचा आणि दोन तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते; भांड्यात ओलसर, चकचकीत लगदा दिसतो आणि झाकण काढताच घमघमाट सुटतो. नुसत्या रसाला हा वास येत नाही. आता त्यावर कपभर गरम हिरवा चहा ओता. साखर पूर्ण विरघळली की गाळा, तीन लिंबांचा रस आणि शंभर मिलिलिटर फेणी घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

बर्फ वाडग्यात लावलेला, एकसंध हवा. मोठा गोळा सावकाश वितळतो, चुऱ्याने पंचाचं पाणी होतं.

पाहुणे आले की पातेल्यात गार मिश्रण, त्यात बर्फ, आणि सगळ्यात शेवटी ७५० मिलिलिटरची गार बाटली, काठावरून हळू. थंड वाइनमध्ये वायू विरघळून राहतो, कोमट वाइनमधून निसटतो. न विरघळलेल्या साखरेचे कण राहिले तर त्यांच्याभोवती बुडबुडे जमून फेस भसकन वर येतो. डाव एकदाच फिरवा. वर जायफळ किसा.

पेले लहान ठेवा. गोडीमुळे किती चढली ते उशिरा कळतं. माणसं थोडी असतील तर अर्धंच मिश्रण पातेल्यात घ्या आणि त्या बेताने लहान बाटली उघडा. वाइन न घातलेलं मिश्रण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, घातलेलं मात्र त्याच रात्री संपवावं लागतं.