ध्वनीची मोकळी सनद

ध्वनिफितींच्या जमान्यात संकलकाच्या हाती दोनच आयुधे असत, एक धारदार पाते आणि दुसरी चिकटपट्टी. वक्त्याचा अडखळलेला शब्द गाळायचा म्हणजे फीत हाताने मागेपुढे फिरवून तो शब्द कोठे सुरू होतो हे कानाने हेरायचे, तेथे पेन्सिलीने खूण करायची, फीत तिरकी कापायची आणि उरलेली टोके पट्टीने सांधायची. एवढे सायास करूनही पाते केसभर सरकले की पुढच्या शब्दाचे आद्याक्षर केराच्या टोपलीत जाई. ज्या कामासाठी तेव्हा बंदिस्त कक्ष, अवजड यंत्रे आणि सरावलेला हात लागे, ते आज कोणाही गृहस्थाला घरच्या संगणकावर, पदरचा पैसा न मोडता करता येते; आणि ज्या सॉफ्टवेअरांनी हे सुलभ केले त्यांत ‘ऑडॅसिटी’चे स्थान अग्रगण्य आहे.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी, ध्वनीच्या पृथक्करणाचे परिणाम पडद्यावर चित्ररूपाने पाहता यावेत एवढ्या मर्यादित हेतूने, ही आज्ञावली लिहावयास घेतली आणि मे २००० मध्ये ती सर्वांस खुली केली. धारिष्ट्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दात ‘ऑडिओ’चा नाद मिसळून केलेला नावातील श्लेष तिला पुढे शोभून दिसला, कारण प्रयोगशाळेतले हे साधन विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालू लागले व शिक्षक, गायक, पत्रकार अशा नाना व्यवसायांच्या लोकांच्या नित्याच्या वापरात गेले.

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची ओळ असते. मानवी कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो यथातथ्य टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावा लागतो, आणि म्हणूनच संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या हे प्रमाण ठरले. हे आकडे ऑडॅसिटी पडद्यावर लाटेच्या आकृतीने दाखवते. शब्दाचा उंचवटा आणि त्यामागचा विराम डोळ्यांना दिसत असल्याने नको तो भाग निवडून गाळणे सोपे होते, आणि चूक झाली तर एका आज्ञेसरशी गेलेला शब्द परत जागेवर येतो. पार्श्वभूमीतील पंख्याची घरघर काढण्याची युक्ती तर मोठी मार्मिक आहे. कोणी बोलत नसतानाचा, केवळ घरघरीचा, एखादा सेकंदाचा तुकडा आपण आज्ञावलीस नमुना म्हणून दाखवावा, मग तिने संपूर्ण मुद्रणात त्या जातीचा आवाज हुडकून तो दबवावा, असा हा व्यवहार असल्याने, बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी चारपाच सेकंद मुद्दाम गप्प राहण्याची सवय उपयोगी पडते. मात्र ही सफाई हावरेपणाने केली तर माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासू लागतो.

ही आज्ञावली फुकट मिळते, हे तिचे दुय्यम वैशिष्ट्य होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली सिद्ध केलेल्या ‘जीपीएल’ नामक परवान्याखाली ती वितरित होते, आणि हा परवाना एखाद्या सनदेसारखा आहे: आज्ञावली कोणत्याही कामी वापरावी, तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, उघडून वाचावा, त्यात फेरफार करावा, नकला वाटाव्यात, या सर्वांस मुभा आहे, अट इतकीच, की फेरफार केलेली आवृत्ती जो दुसऱ्यास देईल त्याने तिचा सोर्स कोडही त्याच शर्तींवर द्यावा. या मोकळिकीची कसोटी २०२१ साली लागली. म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी आपल्या ताब्यात घेतली आणि थोड्याच दिवसांत, वापरणाऱ्यांच्या वापराची माहिती गोळा करण्याची तजवीज पुढे आली. परंतु ती सोर्स कोडातच उघडपणे मांडलेली असल्याने जाणत्यांच्या नजरेस पडली, गहजब झाला आणि कंपनीस ती मागे घ्यावी लागली. पाठोपाठ गोपनीयतेच्या धोरणावरून वाद माजला, तेव्हा त्याच्याही मजकुरात दुरुस्ती करणे भाग पडले, आणि काही असंतुष्टांनी सनदेतील हक्क बजावून ‘टेनॅसिटी’ नावाची निराळी शाखा काढली. बंद पेटीतल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे असे घडणे कठीण. तेथे पेटीत काय दडले आहे हे मालकावाचून कोणास कळणार?

नवख्याने एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. ‘सेव्ह’ केल्याने तयार होणारी फाइल हा ऑडॅसिटीचा स्वतःचा कच्चा खर्डा असतो, आणि इतरांस ऐकविण्याजोगी एमपीथ्री किंवा वेव्ह फाइल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. हे न जाणल्यामुळे पुष्कळांनी पाठविलेला खर्डा स्नेह्यांच्या फोनवर मुका राहतो.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या, जात्यावरच्या ओव्यांच्या अथवा गावच्या कीर्तनाच्या कॅसेट पडून आहेत, त्यांनी त्या ऑडॅसिटीने संगणकात उतरवून घेण्याचे काम फार दिवस लांबणीवर टाकू नये, कारण फितीवरील चुंबकीय लेप कायमचा टिकत नाही. कॅसेट वाजविणारे यंत्र संगणकास तारेने जोडावे आणि तासाची फीत तासभर वाजू द्यावी. प्रथम उतरलेली वेव्ह फाइल, खरखरीसकट, जशीच्या तशी जतन करावी, आणि कापाकापी काय करावयाची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावी. दप्तरखान्याचा जुना दंडकही हाच आहे: अस्सल रुमालात राहते, हाताळावयाची ती नक्कल.