मोरा कुठल्या जिल्ह्यात? दाखल्याचा फॉर्म भरण्याआधी समजून घेऊ

दहावी-बारावीनंतर दाखल्यांची धावपळ सुरू झाली की मोरा-उरणचे पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "जिल्हा काय लिहायचा? नवी मुंबई की रायगड?" जवाब सरळ आहे: रायगड. नवी मुंबई नावाचा जिल्हाच नाही, ते शहर आहे.

मग गोंधळ का होतो? कारण प्रत्येक खात्याची हद्द वेगळी. मोरा बंदरातून लाँच पकडली की तासाभरात भाऊचा धक्का, पण मुंबईचा आपल्या कारभाराशी संबंध नाही. मोरा सागरी पोलीस ठाणे नवी मुंबई आयुक्तालयात येतं. विधानसभेचा मतदारसंघ उरण, पण लोकसभेचा मावळ; म्हणजे खासदार निवडताना आपण पिंपरी-चिंचवडसोबत मत देतो.

जगातही असं आहे. कॉकेशस पर्वतांच्या दक्षिणेला नखचिवान हा अझरबैजानचा प्रांत. मधे आर्मेनिया, त्यामुळे राजधानी बाकूशी जमिनीने जोडलेला नाही. लोक वर्षानुवर्षं विमानाने किंवा इराणमार्गे बाकू गाठत आले. तरी कारभार अझरबैजानचाच. जवळ काय आहे यावरून हद्द ठरत नाही.

आपल्याकडे हद्द आणि नाव दोन्ही बदललं. उरण पूर्वी पनवेल तालुक्यातच होतं. हा तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, १८८३ मध्ये कुलाब्यात आला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचा रायगड झाला, तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले.

हे माहीत असणं का जरुरी? ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. दादा-परदादांच्या शाळेच्या दाखल्यावर तेव्हा "जि. कुलाबा" असंच लिहिलेलं असणार. ती चूक नाही. असा कागद "जिल्हा वेगळा आहे" म्हणून बाजूला टाकू नका, जपून ठेवा. त्यावर खाडाखोड तर अजिबात नको.

आता कुठलं काम कुठे, तेही लक्षात ठेवू:

- उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला: तहसील कार्यालय, उरण
- जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर: प्रांत कार्यालय, पनवेल
- जिल्हाधिकारी कार्यालय: अलिबाग
- पासपोर्टची पोलीस पडताळणी: नवी मुंबई पोलीस

अर्ज सेतू केंद्रातून भरला तरी तालुका उरण, जिल्हा रायगड हे स्वतः वाचून मगच सही करा. प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.