मांडीची आग आणि सलवारीची नाडी

तरावीहला उभे राहिले की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मिरची चोळल्यासारखी आग होते, मुंग्या येतात. कापड घासले तरी सहन होत नाही. बसले की जरा बरे वाटते. घरात कुणी म्हणते वात आहे, कुणी म्हणते सायटिका. तेल-मालिश होते, दुकानातून आणलेल्या गोळ्या होतात आणि महिने निघून जातात.

असा त्रास असेल तर दोष मणक्यात असेलच असे नाही. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाजवळून, जांघेतल्या पट्ट्याखालून मांडीत उतरते. तिथे ती दाबली गेली की हे दुखणे सुरू होते. डॉक्टर त्याला ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ म्हणतात. हे नाव १८९५ सालापासूनचे आहे. प्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनाही हा त्रास होता आणि त्याच वर्षी त्यांनी त्यावर लेख लिहिला होता.

नस दाबते कशाने? घट्ट बांधलेली सलवारीची नाडी, आवळलेला पट्टा, सुटलेले पोट, गरोदरपण. मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. उभे राहिल्यावर आणि चालताना ही नस ताणली जाते, म्हणून दुखणे वाढते.

उपाय सोप्यापासून सुरू करावेत. नाडी आणि पट्टा सैल करा. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. रक्तातील साखर तपासून घ्या. फार वेळ एका जागी उभे राहू नका. बधिर भागावर गरम पिशवी ठेवताना जपा. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. एवढ्यानेच बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो.

तरीही दुखणे हटत नसेल तर डॉक्टर नसेच्या दुखण्यावरची औषधे देतात, उदाहरणार्थ गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन. यांनी गुंगी येऊ शकते. ती मनाने सुरू किंवा एकदम बंद करू नयेत. रोजे असतील तर सहरी आणि इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. पुढची पायरी नसेजवळ दिलेले इंजेक्शन. त्यात स्टेरॉइड असेल तर काही दिवस साखर वाढू शकते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. त्यात नसेवरचा दाब काढतात किंवा नस कापतात. कापल्यास तेवढा भाग कायमचा बधिर राहतो.

एक खूण मात्र विसरू नका. ही नस फक्त संवेदनेची आहे, तिच्यामुळे पायातली ताकद जात नाही. पाय लुळा पडू लागला, गुडघा दुमडू लागला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला तर थेट इस्पितळ गाठा. तो आजार वेगळा आहे.

घरातल्या मोठ्यांना उभे राहणे असह्य होत असेल तर नमाजसाठी त्यांना खुर्ची द्या. शरीअतने ती सवलत आजारी माणसासाठीच ठेवली आहे. अम्मी ‘काही नाही, होईल बरे’ म्हणत राहतील. आज त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा, आग नेमकी कुठे होते?