जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार इतका महाग का?

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग धुळ्यावरून जातो आणि पुढे सातपुडा ओलांडून इंदूरला पोहोचतो. इंदूर ही होळकरांची राजधानी. तेथील महाराज दुसरे यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांना वेगवान मोटारींचा मोठा षौक होता. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीकडून एक सांगाडा व इंजीन घेतले, आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून त्यावर दोन आसनांचा देह चढवून घेतला. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे इंजीन, त्यात हवा दाबून भरणारा पंखा आणि ३२० अश्वशक्ती! ही गाडी पुढे भारताबाहेर गेली. अशा मोटारी आज कलाकृतींप्रमाणे विकल्या जातात. २०२२ साली मर्सिडीझ-बेंझची १९५५ ची एक मोटार १३.५ कोटी युरोंना विकली गेली, हे तुम्ही वाचलेही असेल.

पण सगळ्याच जुन्या मोटारींच्या नशिबी हे भाग्य नसते. पुष्कळशा गोठ्यात, गोदामात किंवा चिंचेखाली गंजत उभ्या असतात. मालकाला एक दिवस वाटते, हिला पुन्हा चालती करावी. तो कारागिराला बोलावतो, आणि अंदाजपत्रक ऐकून खाली बसतो. त्या आकड्यात नवी कोरी मोटार आली असती! मग त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात : खिसा रिकामा करणे, नाहीतर गाडी भंगारवाल्याला वजनावर देणे.

कारागीर लबाड असतो म्हणून आकडा मोठा होतो काय? तसे नाही. या आकड्यामागे निसर्गाचा एक नियम आणि अंकगणिताचा एक साधा नियम आहे. ते दोन्ही समजावून घेण्यासाठी एक नमुना घेऊ.

नमुन्याची गाडी

इंग्लंडमध्ये १९४५ ते १९४९ या काळात एम.जी. कंपनीने ‘टी.सी.’ नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार बनविली. (आज आपल्या रस्त्यांवर एम.जी. नावाच्या मोटारी दिसतात. नाव तेच, मालकी मात्र निराळी.) सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. तारांच्या आऱ्यांची उंच चाके, १,२५० घन सें.मी.चे चार सिलिंडरचे इंजीन, आणि ‘अ‍ॅश’ या लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला पोलादी पत्रा. होय, लाकडाच्या! म्हणजे या गाडीला लोहार हवा तसाच सुतारही हवा.

अशी एखादी गाडी तीस-चाळीस पावसाळे उघड्यावर राहिली असे समजा. तिचे काय झाले असेल?

गंज म्हणजे उताराची वाट

लोखंड निसर्गात शुद्ध स्थितीत क्वचितच सापडते. ते ऑक्सिजनशी जोडलेले असते. भट्टीत ऊर्जा खर्च करून आपण ही जोडी फोडतो. लोखंड मात्र आपले जुने नाते विसरत नाही. पाणी आणि हवा मिळताच पत्र्यावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, शेजारच्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो, आणि तांबूस गंज साचतो. पाण्यात मीठ असले की वीजप्रवाह सुलभ होतो आणि काम अधिकच झपाट्याने चालते. म्हणूनच कोकणातली गाडी खानदेशातल्या गाडीपेक्षा लवकर कुजते.

गंज मूळ लोखंडाच्या सुमारे तिप्पट जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगतो, रंगाला पापुद्रे सुटतात, आणि उघड्या पडलेल्या जागेतून आणखी पाणी आत जाते. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. थोड्याच वर्षांत त्याची चाळण होते. टी.सी.मध्ये तर पत्र्यामागे लाकूड असते. ते ओल धरून ठेवते. पत्रा आतून गंजतो आणि लाकूडही कुजते.

आता एक गमतीचा हिशेब करू. एक किलो लोखंड पूर्ण गंजते तेव्हा सुमारे ७४ लक्ष जूल ऊर्जा बाहेर पडते. ती वर्षानुवर्षे इतकी हळूहळू पडते की आपल्याला ऊब जाणवत नाही. ७४ लक्ष जूल म्हणजे सुमारे दोन युनिट वीज. म्हणजे गंजलेल्या पाच किलोंच्या मडगार्डचे पुन्हा लोखंड करायला, तत्त्वतः, दहा युनिटे पुरावीत.

भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी तुम्ही पाहिली असतील. तेथील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने एक तास चालला तर ५ लक्ष युनिटे वीज देतो. आपल्या मडगार्डला हवी असलेली वीज त्याच्या हिशेबी काहीच नाही. क्षणभरात होईल! पण थांबा. दीपनगरची सगळी वीज ओतली तरी हाती येईल तो पाच किलो लोखंडाचा गोळा. मडगार्ड येणार नाही.

येथेच आपल्या प्रश्नाची पहिली गुरुकिल्ली आहे. हरवले ते लोखंड नव्हे, ऊर्जाही नव्हे. हरवला तो आकार.

निसर्गाचा कल

पाच किलो लोखंडात सुमारे ५ वर २५ शून्ये इतके अणू असतात. ते गंजाच्या भुकटीच्या रूपाने पसरण्याचे मार्ग अगणित; नेमके टी.सी.च्या डाव्या मडगार्डच्या रूपाने उभे राहण्याचे मार्ग त्या मानाने नगण्य. म्हणून सगळे काही आपल्यावर सोडले तर निसर्ग मडगार्डची भुकटी करतो, भुकटीचे मडगार्ड करीत नाही. उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातील ‘एंट्रॉपी’ आणि मडगार्डचा आकार या काटेकोरपणे एकच गोष्टी नव्हेत. पण दोहोंमागील विचाराची दिशा एकच आहे. विस्कटणे फुकट होते, मांडणी करायला कुणीतरी खपावे लागते.

मडगार्डपुरते हे खपणे कसे असते? प्रथम पुठ्ठ्याचे वा लाकडाचे नमुने कापून आकार ठरवायचा. मग पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचा, रुळांमधून फिरवून ताणायचा, नमुन्याशी ताडून पाहायचा आणि पुन्हा ठोकायचा. ठोकले की पत्रा पातळ होतो व कठीण होतो. मग तापवून त्याला मऊ करायचे. हिशेबापुरते धरू की कुशल कारागिराला ४० तास लागले आणि त्याचा तासाचा मोबदला ५०० रुपये आहे. मजुरी झाली २०,००० रुपये. पत्र्याची किंमत चारपाचशे, विजेची शंभराच्या आत. पाहा, वस्तूच्या किमतीत वस्तू किती आणि माणूस किती!

एक ग्रॅमची चकाकी

गाडीच्या पुढच्या जाळीचे आवरण, दिव्यांच्या वाट्या, मुठी यांवर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असतो. समजा, हा सर्व पृष्ठभाग मिळून अर्धा चौरस मीटर आहे. मुलाम्यात खाली निकेलचा थर सुमारे २० मायक्रॉन आणि वर क्रोमियमचा थर अवघा ०.३ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) घनफळ काढून घनतेने गुणले, तर क्रोमियम भरते साधारण एक ग्रॅम आणि निकेल सुमारे ८९ ग्रॅम.

फॅरडेचा नियम तुम्ही शिकला आहात. निकेलचा एक अणू बसवायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. ८९ ग्रॅमसाठी सुमारे २.९ लक्ष कूलोम विद्युत्‌भार हवा. ४ व्होल्ट दाबाने तो दिला तर ऊर्जा होते सुमारे १२ लक्ष जूल, म्हणजे एक-तृतीयांश युनिट! मग मुलामा देणारा हजारो रुपये का मागतो?

कारण मुलामा दोष झाकत नाही, उलट उठावदार करतो. आरशासारखे प्रतिबिंब दिसायचे तर पृष्ठभागावरील उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी असला पाहिजे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. गंजाने पडलेला खड्डा त्याच्या शेकडो पट खोल असतो. म्हणून जुना थर काढणे, खड्डे भरणे, घासणे, पुन्हा घासणे आणि चाकावर पॉलिश करणे, यातच सारे तास जातात. शिवाय क्रोमियमच्या द्रावणातील काही संयुगे अत्यंत विषारी असतात. कामगाराचे त्यांपासून रक्षण करावे लागते आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे लागते. तो खर्चही प्रामाणिक कारखानदार हिशेबात धरतो.

चार दट्टे आणि चार हजार दट्टे

आता इंजिनाकडे वळू. टी.सी.च्या सिलिंडरचा व्यास ६६.५ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ९० मि.मी. दट्टा आणि सिलिंडर यांच्यात काही शतांश मिलिमीटरचीच फट चालते. आपला केस याहून जाड असू शकतो. झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही. तो यंत्रावर कातून, समजा, ६७ मि.मी. केला, तर जुने दट्टे निकामी. नवे, किंचित मोठे दट्टे हवेत. बाजारात मिळाले तर ठीक. न मिळाले तर? ओतशाळेत साचा करा, मिश्रधातू ओता, लेथवर काता.

येथे अंकगणिताचा तो साधा नियम येतो :

एका वस्तूचा खर्च = (साचे व तयारीचा स्थिर खर्च ÷ वस्तूंची संख्या) + प्रत्येक वस्तूवरील खर्च.

उदाहरणासाठी तयारीचा खर्च ६०,००० रुपये आणि प्रत्येक दट्ट्यामागे १,५०० रुपये असे धरू. चारच दट्टे केले तर एकेक पडतो १६,५०० रुपयांना. चार हजार केले तर १,५१५ रुपयांना. दट्टा तोच, धातू तोच. फक्त भागणाऱ्याची संख्या बदलली. कारखान्यातील नवी मोटार स्वस्त असते, कारण तिच्या साच्यांचा खर्च हजारो गिऱ्हाइके वाटून घेतात. जुन्या गाडीच्या जीर्णोद्धारात तो सगळा एकट्याच्या बोडक्यावर येतो.

याच नियमाची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फिएट, म्हणजेच पुढची ‘पद्मिनी’, टॅक्सी म्हणून हजारोंनी धावली. साहजिकच तिचे सुटे भागही हजारोंनी बनले आणि तिच्या अंतरंगाची माहिती असलेले मिस्त्री गावोगाव तयार झाले. म्हणून जुनी पद्मिनी उभी करणे टी.सी.पेक्षा कितीतरी सोपे. दुर्मीळपणामुळे गाडीचे मोल वाढते, हे खरे. पण दुरुस्तीचा खर्चही त्याच दुर्मीळपणामुळे वाढतो.

नवे करावे की जुने राखावे?

तर मग खर्च वाचवायला सगळेच भाग नवे, आजच्या पद्धतीचे बसवले तर? गाडी धावेल, पण ती जुनी गाडी राहील काय? हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, कायद्याचाही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, ती मूळ रूपात हवी, आणि तिच्या सांगाड्यात, देहात वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे स्वस्त वाटेने गेलेला मालक कदाचित ती ओळखच गमावून बसेल.

दीपनगरच्या अभियंत्यांपुढेही जुन्या यंत्रांचा प्रश्न येतोच. १९६० च्या दशकात उभारलेला तेथील पहिला छोटा संच केव्हाच निवृत्त झाला आणि मोठे संच कामाला लागले. तेथे निर्णय आकड्यांवर होतो : एका युनिटला किती कोळसा लागतो, दुरुस्तीला किती पैसा. कारण संचाचे काम वीज देणे हे आहे. नवा संच तेच काम कमी कोळशात करीत असेल तर जुन्याचा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही.

जुन्या मोटारीचे मात्र तसे नाही. माणसे वाहून नेण्याचे काम कोणतीही नवी गाडी अधिक चांगले करील. ही गाडी जे सांगते, ते दुसरी सांगू शकत नाही : त्या काळी लाकूड आणि पोलाद कसे सांधत, किती अचूक कातत, हाताची आणि यंत्राची वाटणी कशी होती. म्हणून जाणकार आधी एकच प्रश्न विचारतात. यातले काय वाचवता येईल? जो मूळ भाग टिकला आहे तो घासून नवा करण्यापेक्षा स्वच्छ करून तसाच ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे, आणि स्वस्तही. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग कितीही पैसे दिले तरी परत येत नाही.

आणखी एक गोष्ट टिकते. लाकडी नमुने करणारा सुतार, हातोडीने पत्र्याला वळण देणारा डेंटर, एकच सुटा भाग लेथवर अचूक काढणारा टर्नर, यांचे कसब पुस्तकात उतरत नाही. काम मिळाले तरच ते पुढच्या हातात जाते. जीर्णोद्धाराच्या बिलातला मोठा आकडा हा या हातांचा मोबदला असतो. तो उधळपट्टी म्हणावा की नाही, याचा विचार वर्गात जरूर करा.

तुमच्या घरी स्पोर्ट्स कार नसेल. पण सायकल असेल, शिलाई यंत्र असेल, केळीच्या मळ्यात जुने डिझेल इंजीन असेल. नियम त्यांनाही तेच लागू. आज दिलेले तेलाचे चार थेंब आणि रंगाचा एक हात गंजाची पहिली पायरीच अडवतात. एकदा आकार गेला की मग तो तासांच्या भावाने परत विकत घ्यावा लागतो.

करून पाहा

१. तीन सारखे नवे खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत बूच लावून ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा, तिसऱ्याला तेल चोपडून तसाच पाण्यात अर्धा ठेवा. आठ दिवस रोज निरीक्षण लिहा. दुसऱ्या खिळ्यावर गंज आधी कोठे दिसला? का?

२. पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मि.मी. आणि धाव ७५ मि.मी. एकूण घनफळ १,०८९ घन सें.मी. येते का पाहा. सिलिंडर अर्धा मि.मी. मोठे कातल्यास ते कितीने वाढेल? (उत्तर : सुमारे १६ घन सें.मी.)