रक्तातील अवशेष आणि कर्करोगाची चाहूल

कर्करोग म्हणजे अनिर्बंध वाढणाऱ्या पेशींचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी असली तरी अपुरी आहे. पेशी अधांतरी राहत नाहीत. त्यांच्याभोवती तंतूंचे एक जाळे असते व त्याच्या आधारानेच अवयवाला आकार आणि बळकटी लाभते. या जाळ्याचा प्रमुख घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन होय. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा त्याचाच असतो. दोरखंडाच्या पेडांप्रमाणे त्याच्या रेणूतील तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली अशी त्रिपेडी रचना प्रथम मांडली.

अर्बुद वाढू लागले की या जाळ्यात एकाच वेळी दोन क्रिया सुरू होतात. आसपासच्या ऊतकात शिरण्यासाठी कर्कपेशींना वाट हवी असते; ती करून देण्यासाठी काही विशिष्ट विकरे जुने तंतू तोडतात. दुसरीकडे, अर्बुदाच्या सान्निध्यातील तंतुजनक पेशी नवे कोलॅजेन भराभर तयार करतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे तंतुमय ऊतक इतके दाट होते की गाठीत पुष्कळदा कर्कपेशींपेक्षा त्याचाच भाग अधिक असतो.

या मोडतोडीचे आणि बांधणीचे अवशेष रक्तात उतरतात. नवा तंतू तयार होताना रेणूची टोके छाटली जातात. जुना तंतू तुटताना तो निराळ्या जागी चिरला जातो. नेमके ते छाटलेले वा चिरलेले टोकच ओळखणारी प्रतिपिंडे तयार करता येतात. त्यामुळे थोड्याशा रक्तावरून बांधणी किती आणि मोडतोड किती, हे वेगवेगळे मोजता येते. तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या बांधणीचा असा एक निर्देशक ‘प्रो-सी-३’ या नावाने ओळखला जातो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांत त्याचे प्रमाण जास्त असते, ते सरासरीने कमी काळ जगतात, असे अभ्यासांत आढळून आले आहे.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पडझडीचा ढिगारा पाहून घर पडले हे कळते. ते का पडले हे कळत नाही. यकृतात तंतुमयता वाढली किंवा सांध्यांना दाह झाला, तरीही रक्तातील असे अवशेष वाढू शकतात. म्हणून केवळ या चाचणीवरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. त्यासाठी ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो.

असे असले तरी या संशोधनाचे मोल कमी होत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे खोलवर असते. तेथील रोगाची लक्षणे बहुधा उशिरा दिसतात आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुतेकांच्या बाबतीत टळून गेलेली असते. अन्य चाचण्यांच्या जोडीने हे अवशेष वेळीच संशय जागा करू शकले, तर काही रुग्णांना ती संधी मिळेल. मात्र निरोगी माणसावर खोटा संशय आला, तर त्याच्या वाट्याला भीती आणि अनावश्यक तपासण्या येतील. म्हणूनच अवशेष मोजण्याइतकेच त्यांचा अचूक अर्थ लावणेही महत्त्वाचे ठरते.